विसरू नको आठवू

शंकाबाईला पहिल्यांदा शंकाबाई कोण म्हणालं, ते आता कुणालाच आठवत नाही. तिला स्वतःला मात्र पक्का संशय आहे की तिच्या धाकट्या बहिणीनेच ते नाव पाडलं. भाजीवाल्याने आपणहून चार मिरच्या जास्त टाकल्या, तर ही घरी येऊन सगळी भाजी उलटीपालटी करून बघायची, की आज हा एवढा दानशूर का झाला बुवा! जिन्यात दोघीजणी हसताना दिसल्या की त्या हिलाच हसत असणार. बाहेर जाताना कुलूप लावून ओढून बघायचं, दोन जिने उतरायचे, परत वर येऊन पुन्हा ओढून बघायचं. स्वभावाला औषध नाही म्हणतात. हिच्या स्वभावाला औषध मिळालं नाही, पण काम मात्र मिळालं.

गाणं वाजत असताना पडद्यावर त्याचे शब्द उमटत जातात ना, एक ओळ गेली की दुसरी, तसले व्हिडिओ ती बनवायची. हौशी गाणारे, निवृत्त झालेले मास्तर, भाचीच्या लग्नासाठी गाणं म्हणणाऱ्या आत्या, असं तिचं गिऱ्हाईक. घराच्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं, त्यावर जुना लॅपटॉप आणि वायरचे हेडफोन. बिनवायरच्यातून आवाज किंचित उशिरा पोचतो, आणि उशिरा पोचणाऱ्या कशावरच तिचा विश्वास नव्हता. खिडकीतून दुपारचं ऊन थेट पडद्यावर यायचं, म्हणून तिने काचेला पुठ्ठा चिकटवून टाकला होता.

काम म्हटलं तर साधं. गाणं ऐकायचं, एकेक ओळ काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहून तिचं चित्र करायचं. ढीगभर चित्रं झाली की गाणं पुन्हा लावायचं आणि पडद्यावर आवाजाची जी लाट दिसते ती बघत ठरवायचं, की हे चित्र इथे येणार आणि इथे जाणार. सगळ्या वेळा भरून झाल्या की कॉम्प्युटर चित्रं आणि आवाज एकत्र जोडून देतो. पण गोम अशी, की शब्द गळ्यातून निघायच्या जरासा आधी डोळ्यांपुढे यायला हवा. मागून आला तर बघणारा वैतागतो, फार आधी आला तर गाण्यातली गंमत जाते. त्यासाठी एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकायची, पुढे-मागे सरकवायची, परत ऐकायची. भोळ्या माणसाचं कामच नव्हे ते.

तिचे दोन नियम होते. पहिला, लोकांनी लिहून पाठवलेले शब्द वापरायचे नाहीत. स्वतः गायलेलं गाणं लोक स्वतःच चुकीचं लिहितात. आपल्या कानाने ऐकू येईल तेच खरं. आणि दुसरा, लांब ओळ दोन चित्रांत तोडायची झाली तर गाणारा जिथे श्वास घेतो तिथेच तोडायची. ‘माणूस खोटं बोलतो, त्याचा श्वास बोलत नाही,’ असं ती रुबाबात सांगायची. ऐकणारे मान डोलवायचे आणि जिना उतरल्यावर हसायचे.

तिचा नवरा लिफ्टवाला, म्हणजे लिफ्टची दुरुस्ती करणारा. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी दाराच्या फटीतून गप्पा मारून त्यांना धीर देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. घरी आला की मात्र तोंडाला कुलूप. काही बोलायचं असलं की आधी जिभेने ‘च्’ असा बारीकसा आवाज करायचा. तेवढ्यात हिने वर बघून ‘काय?’ म्हटलं की ‘काही नाही’ म्हणून गप्प बसायचा.

त्यांना एक मुलगी झाली होती. एक रात्र राहिली आणि गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर शंकाबाईने बाळासाठी जमवलेलं सगळं, झबली, दुपटी, टोपडी, डोळे मिटल्यासारखं करून धाकट्या बहिणीच्या हातून वाटून टाकलं आणि नवऱ्याला बजावलं, “या घरात हा विषय पुन्हा नाही. कधीच नाही.” त्याने ‘च्’ केलं आणि मान हलवली. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. जगातल्या प्रत्येक गोष्टीत खोट शोधणारी ही बाई त्या एका बाजूला चुकूनही बघत नसे.

तर, हल्ली लिफ्टवाल्याचं काहीतरी बिनसलं होतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी ‘एक लिफ्ट अडकलीय’ म्हणून तो बाहेर पडायचा आणि संध्याकाळी परत यायचा. येईना का! पण हात स्वच्छ. लिफ्टच्या कामावरून आलेल्या माणसाची नखं काळी असतात, शर्टाला ग्रीसचा वास असतो. हा आला की तोंडात खडीसाखर. शिवाय एक दिवस तो नळाखाली तोंड धुताना गुणगुणला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने कधी शीळसुद्धा घातली नव्हती. शंकाबाईच्या मनात पाल चुकचुकली.

“कुठली लिफ्ट अडकते हो तुमची दर सुट्टीला?” तिने विचारलं.

“च्,” तो म्हणाला. “जुनी आहे.”

“कोण राहतं तिथे?”

“कुठे?”

“जिथे लिफ्ट अडकते तिथे!”

“माणसं,” तो म्हणाला आणि पेपर तोंडापुढे धरला.

आणि त्याच आठवड्यात रेकॉर्डिंगवाल्याकडून एक गाणं आलं. हा रेकॉर्डिंगवाला सायकलच्या दुकानावर एका खोलीत बसायचा. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकून त्याने त्या खोलीचा स्टुडिओ केला होता. तो शंकाबाईला नेहमीच कामं पाठवायचा. या वेळी गाण्याबरोबर एवढाच निरोप होता, की गिऱ्हाईकाला स्वतःचं नाव सांगायचं नाही, घाई नाही, पण नीट ऐकून करा.

‘नीट ऐकून करा म्हणे! एरवी मी काय कापूस घालून ऐकते?’ ती चरफडली आणि हेडफोन लावले.

पुरुषाचा आवाज होता. खर्जातला, न शिकलेला, पण सुराला धरून. मागे नुसती पेटी वाजत होती. पहिल्या ओळीआधी लाटेत एक बारीक काटा दिसला. असले काटे ती काढून टाकायची. तिने तो मोठा करून ऐकला.

‘च्.’

दुसऱ्या ओळीआधी पुन्हा ‘च्’. तिसऱ्या ओळीआधीही. शंकाबाईने हेडफोन काढले, टेबलावर ठेवले, स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्या तांब्याभर पाणी प्यायली आणि परत येऊन बसली. आवाज बदलता येतो, गाताना तर तो बदलतोच. पण हे ‘च्’ तिने आयुष्यभर रोज ऐकलं होतं.

मग तिने शब्द लिहायला घेतले. शब्द कसले, एकेक ओळ म्हणजे डागणी!

‘एक बटण लावायचं राहून गेलं,
तुझ्या खोलीत ऊन येऊन गेलं.’

‘तुझ्या खोलीत!’ म्हणजे खोली आहे. कुठेतरी एक खोली आहे, तिथे ऊन येतं आणि हा तिथे असतो. आणि बटण कोणाचं? कोण कोणाचं बटण लावतंय?

‘हाक तुला ओठांवर येते,
घरात माझ्या परत फिरते.’

बघा! घरात हाक मारायची चोरी! आणि शेवटी ती ओळ, जी दोनदा आली:

‘विसरू नको आठवू.’

‘विसरू’ म्हटल्यावर लांबच लांब थांबा होता, नेहमीच्या श्वासापेक्षा कितीतरी मोठा. मग ‘नको आठवू’. पहिल्यांदा तसंच आणि दुसऱ्यांदाही तसंच. तिने नियमाप्रमाणे ओळ श्वासावर तोडली आणि दोन चित्रं केली. एक, ‘विसरू’. दुसरं, ‘नको आठवू’. म्हणजे कोणाला तरी हा सांगतोय, की झालं गेलं विसरू या, आता आठवू नकोस. म्हणजे प्रकरण जुनं आहे. कदाचित लग्नाच्याही आधीचं. कोण आहे ती?

लिफ्टवाला कामावर गेल्यावर तिने त्याची घरीच पडून असलेली जुनी हत्यारांची पेटी उघडली. पाने, पक्कड, चिकटपट्टी आणि खाली स्क्रूंची पत्र्याची डबी. स्क्रूंच्या तळाशी कागदात गुंडाळलेलं एक बटण निघालं. पिवळं, करंगळीच्या नखाएवढं. बाईच्या ब्लाउजचं नव्हे, पुरुषाच्या शर्टाचं नव्हे. लहान मुलाच्या कपड्याचं.

ती तिथेच फरशीवर बसली. मूल! नुसती बाई नाही, मूलसुद्धा आहे! इथे आपली कूस रिकामी राहिली आणि यांनी तिकडे दुसरा संसार मांडला. तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संतापच. तिने बटण पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं आणि तडक सायकलच्या दुकानावरचा जिना चढली.

“हे गाणं कोणाचं?” तिने दारातूनच विचारलं.

रेकॉर्डिंगवाल्याने चहाचा कप खाली ठेवला. “बसा ताई. आजवर कधी विचारलं नाहीत?”

“आज विचारते.”

“गिऱ्हाईकाने नाव सांगू नका म्हटलंय.”

“का म्हणून?”

“मी कशाला विचारू?”

“मी असते तर विचारलं असतं!”

“म्हणून तर लोक माझ्याकडे येतात, ताई,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला. तिचा चेहरा बघून त्याने हसू गिळलं.

“बरोबर कोणी बाई असते का?”

“छे हो, एकटेच येतात. खडीसाखर चघळत बसतात, आवाज लागला की गातात. शेवटच्या ओळीला फार दिवस घेतले. एवढंच म्हणाले, की गाणं मुलीसाठी आहे.”

“कोणाच्या मुलीसाठी?”

“त्यांच्याच की. लोकांच्या मुलीसाठी कोण एवढी मेहनत घेईल?”

घरी येऊन तिने बहिणीला फोन लावला आणि दार आतून लावून सगळं सांगितलं.

“भावोजी?” बहीण हसायलाच लागली. “ताई, आपले भावोजी? त्या माणसाला रस्ता ओलांडताना हात धरावा लागतो. तो कुठला दुसरा संसार मांडतोय!”

“मुकी माणसंच आतल्या गाठीची असतात. हसू नकोस. मुलीसाठी गाणं केलंय म्हणे. आणि बटण सापडलंय मला. पिवळं. एवढंसं.”

पलीकडचं हसू थांबलं.

“ऐकतेस ना?”

“ताई,” बहीण हळू आवाजात म्हणाली, “तू ते गाणं नीट ऐक बरं एकदा.”

“नीट ऐक? पाठ झालंय मला!”

“मग भावोजींना विचार. सरळ विचार. भांडायला नको, नुसतं विचार.”

शंकाबाईने फोन आपटला. हीसुद्धा सामील! सगळ्यांना माहीत आहे, फक्त मलाच नाही. तिने पलंगाखालची बॅग ओढली, चार साड्या कोंबल्या आणि बॅग तयार ठेवली. पण काम अर्धवट टाकून जायची तिला सवय नव्हती. तिने व्हिडिओ पुरा केला. अगदी चोख. एकही शब्द मागेपुढे नाही. जायचं तर त्याच्याच गाण्याने त्याचं तोंड बंद करून जायचं, असं तिने ठरवलं होतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो शर्ट घालून निघायच्या बेतात होता. तिने बॅग दाराशी आणून ठेवली आणि ती म्हणाली, “अहो, लिफ्ट अडकू दे जरा. इकडे या.”

त्याने दाराशी ठेवलेली बॅग बघितली, तिचा चेहरा बघितला आणि मुकाट्याने मागच्या खोलीत येऊन स्टुलावर बसला. तिने हेडफोनची वायर काढली आणि गाणं मोठ्याने लावलं.

काळ्यावर पांढरी अक्षरं उमटत गेली. एक बटण लावायचं राहून गेलं. तुझ्या खोलीत ऊन येऊन गेलं. शंकाबाई पडद्याकडे बघतच नव्हती, ती त्याचं तोंड न्याहाळत होती. आता दचकेल, आता रंग उडेल. पण तो दचकला नाही. तो गुडघ्यांवर हात ठेवून लहान मुलासारखा अक्षरं वाचत होता. शेवटची ओळ आली. ‘विसरू’. अंतर. ‘नको आठवू’. आणि तो एकदम पुढे वाकला.

“च्,” तो म्हणाला. “हे चुकलं.”

“काय?”

“इथे तू चुकीचं तोडलंस.”

आता काय म्हणावं या माणसाला! बॅग दाराशी, संसार उधळायची वेळ, आणि हा चूक काढतोय कामातली! शंकाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

“मी चुकीचं तोडलं? मी? तिथे श्वास आहे! ढळढळीत श्वास आहे, लाटेत दिसतोय! कोण आहे ती, ते सांगा आधी! कोणाची मुलगी? आणि हे काय आहे?” तिने पदराची गाठ सोडून बटण टेबलावर आपटलं. ते गोल फिरलं आणि लॅपटॉपला अडून थांबलं.

त्याने बटण बोटाने अलगद तिच्याकडे सरकवलं.

“तुझंच आहे ते,” तो म्हणाला. “तुझ्या शिवणाच्या डब्यातलं. झबल्याला पाच होती. चार तू लावलीस. पाचवं हातात घेतलंस आणि कळा सुरू झाल्या. मला म्हणालीस, धरा हे, आल्यावर लावते.”

शंकाबाईने बटण बोटाने उलटं करून बघितलं.

“मी खिशात टाकलं. नंतर तू सगळं देऊन टाकलंस, तेव्हा ते माझ्या खिशातच होतं. मग देता येईना मला.”

“आणि खोली?” तिने विचारलं. “कुठली खोली?”

“ही,” तो म्हणाला. “ही तिची ठरवली होती ना आपण. ऊन येतं म्हणून.”

तिने काचेवरच्या पुठ्ठ्याकडे बघितलं. त्याच्या कडेने उन्हाची एक बारीक रेघ आत आली होती. इतकी वर्षं आपण कुठे बसून काम करतोय हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? माहीत होतं. म्हणूनच तर टेबल इथे आणून टाकलं होतं, खोली भरून जावी म्हणून.

“तो श्वास नव्हता,” लिफ्टवाला म्हणाला. “मला ‘विसरू नको’ असं सलग म्हणायचं होतं. विसरू नको. आठवू. आपण आठवू तिला. पण विसरू म्हटलं की गळा दाटायचा. किती वेळा गायलो. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, राहू द्या काका, तसंच राहू द्या.”

जन्मभर जिने प्रत्येकावर संशय घेतला, तिने या एका थांब्यावर मात्र आंधळा विश्वास ठेवला होता. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. बॅगेची, पदराच्या गाठीची, सगळ्याचीच.

“मला का नाही सांगितलंत?” ती ओरडली. “घरात बोलायला काय झालं होतं? त्या सायकलवाल्याच्या माडीवर जाऊन गाता, आणि मला—”

“तू ऐकत नाहीस गं,” तो म्हणाला. त्यात राग नव्हता. “मी ‘च्’ केलं की तू ‘काय’ म्हणतेस ना, तेव्हाच मला कळतं की हिला ऐकायचं नाहीये. पण कामाचं गाणं तू ऐकतेस. एकेक ओळ शंभरदा ऐकतेस. म्हणून त्याला म्हटलं, तुमच्या त्या ताईंनाच द्या. दुसऱ्या कोणाला नको.”

मग शंकाबाई रडली. एवढी वर्षं अडवून धरलेलं रडू ते, थोडक्यात आटपणार थोडंच! लिफ्टवाला दाराच्या फटीतून अडकलेल्या माणसांशी बोलतो तसा तिच्याशी बोलत राहिला. आहे मी इथे, घाबरू नकोस, होतंय, होतंय.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तिने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि शेवटची दोन चित्रं काढून टाकली. नवी केली. ‘विसरू नको.’ आणि ‘आठवू.’ मग पहिलं चित्र तिने ताणून त्या पूर्ण अंतरावर पसरलं. आवाज थांबतो, पेटी थांबते, तरी अक्षरं तिथेच उभी राहतात.

“फार वेळ राहतंय का ते?” त्याने विचारलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “तुम्हाला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ राहू दे.” ओळींच्या आधीचे ते ‘च्’चे काटेही तिने काढले नाहीत.

असल्या व्हिडिओच्या शेवटी एक चित्र असतं, नावांचं. गायक कोण, पेटीवर कोण, कोणासाठी. तिने त्याचं नाव लिहिलं, रेकॉर्डिंगवाल्याचं लिहिलं. मग ‘हिच्यासाठी’ असं लिहून ती थांबली. टेबलावरचं पिवळं बटण उचलून मुठीत धरलं आणि दुसऱ्या हाताने, एकेक अक्षर दाबत, खाली एक नाव लिहिलं.

लिफ्टवाल्याने ते वाचलं. त्याच्या नात्यात, शेजारात, ओळखीपाळखीत त्या नावाचं कोणीच नव्हतं. त्याने तिच्याकडे बघितलं.

“ही कोण?” त्याने विचारलं.

“तीच,” शंकाबाई म्हणाली. “त्या रात्रीच ठेवलं होतं मी. कोणाला सांगितलं नव्हतं.”